पश्चिमेची भिंत: मुंबईच्या हवेला साजेशी मशीद कशी असावी?

मुंबईतील मशिदी बातम्यांत येतात त्या बहुतेक वेळा दोनच कारणांनी: भोंगे आणि जुम्म्याच्या, म्हणजे शुक्रवारच्या, दिवशी रस्त्यावर येणाऱ्या नमाजींच्या रांगा. या दोन्ही प्रश्नांवर कायद्याच्या आणि राजकारणाच्या अंगाने भरपूर बोलले जाते. पण आवाज किती दूर जातो, माणसे आत किती मावतात आणि आत मावणारीसुद्धा उकाड्याने बाहेर का येऊन बसतात, हे इमारतीच्या रचनेचेही प्रश्न आहेत, याकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते. अलीकडे थोडी वेगळी बातमीही आली. बांगलादेशच्या वास्तुरचनाकार मरीना तबस्सुम यांना २०२५ मध्ये आगा खान वास्तुकला पुरस्कार दुसऱ्यांदा मिळाला. या वेळचा पुरस्कार पूरग्रस्तांसाठी उभारलेल्या बांबूच्या घरांना होता, पण पहिला, म्हणजे २०१६ चा, ढाक्यातील एका लहानशा विटांच्या मशिदीला मिळाला होता. त्या निमित्ताने त्या मशिदीची छायाचित्रे पुन्हा मोबाइलवर फिरू लागली आणि माझ्या ओळखीतील अनेकांनी एकच प्रश्न विचारला: घुमट नाही, मिनार नाही, एसीसुद्धा नाही, मग ही मशीद कशी, आणि तिला एवढा मान कशासाठी?

मी याच, म्हणजे वास्तुरचनेच्या, व्यवसायात आहे आणि माझे आजोळ रत्नागिरी जिल्ह्यातील आहे. दोन्ही नात्यांनी हा प्रश्न मला जवळचा वाटतो, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

मशिदीला मुळात लागते काय?

नमाजसाठी स्वच्छ जमीन लागते आणि दिशा लागते. मक्केतील काबागृहाची दिशा म्हणजे किब्ला. सगळे नमाजी त्या दिशेला तोंड करून, खांद्याला खांदा लावून सरळ रांगेत उभे राहतात. या रांगेला सफ म्हणतात. किब्ल्याच्या बाजूच्या भिंतीत इमामासाठी एक कोनाडा असतो, तो मिहराब. नमाजपूर्वी हात, तोंड, पाय धुण्याला वजू म्हणतात आणि त्यासाठी पाण्याची सोय लागते. एवढ्या चार शब्दांवर पुढचा सगळा लेख समजेल.

एका नमाजीला साधारण दोन फूट रुंद आणि चार फूट लांब जागा पुरते. रांगा आडव्या असल्यामुळे आणि पहिल्या सफेत उभे राहण्याला विशेष महत्त्व असल्यामुळे मशिदीचा सभागृहभाग खोल असण्यापेक्षा रुंद असलेला बरा. मध्ये खांब आले की सफ तुटते, म्हणून खांब जितके कमी तितके चांगले. घुमट, मिनार, कमानी यांचा या मूळ गरजांत समावेश नाही. मदिनेतील पैगंबरांच्या मशिदीला कच्च्या विटांच्या भिंती, खजुराच्या खोडांचे खांब आणि खजुराच्या झावळ्यांचे छप्पर होते. रमजानच्या एका रात्री पाऊस आला, छप्पर गळले आणि पैगंबरांनी चिखलातच सजदा केला, म्हणजे कपाळ जमिनीला टेकवले. त्यांच्या कपाळावर चिखलाची खूण दिसत होती, अशी हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या आणि वागणुकीच्या संग्रहांत, नोंद आहे. पावसाशी कसे जुळवून घ्यायचे हा प्रश्न मशिदीला अगदी पहिल्या दिवसांपासून पडलेला आहे.

मुंबईत किब्ला म्हणजे पश्चिम

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. मुंबईहून मक्का जवळजवळ सरळ पश्चिमेला आहे. नेमके सांगायचे तर पश्चिमेपासून सुमारे दहा अंश उत्तरेकडे. म्हणजे मुंबईतील प्रत्येक मशिदीची सर्वांत महत्त्वाची भिंत, जिच्याकडे सगळे तोंड करून उभे राहतात ती, पश्चिमेची भिंत असते. परंपरेने ही भिंत बंद ठेवतात, कारण नमाजीचे लक्ष समोरच्या हालचालीने विचलित होऊ नये.

आणि मुंबईत पश्चिमेला काय आहे? समुद्र आहे. उन्हाळ्यात दुपारनंतर येणारी वाऱ्याची झुळूक तिकडूनच येते. जून ते सप्टेंबर पावसाची झड तिकडूनच आत घुसते. या शहरात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक याच चार महिन्यांत. दुपारी एकपासून सूर्यास्तापर्यंतचे तिरपे, कडक ऊनही त्याच भिंतीवर पडते. वारा आत यायला हवा. पाऊस आणि ऊन यायला नको. आणि तिन्ही येतात एकाच बाजूने, जी बाजू आपण धर्मपरंपरेप्रमाणे बंद केली आहे. मुंबईत मशीद बांधण्याचे कोडे माझ्या मते एवढेच आहे, आणि हे कोडे न सोडवता बाकी कितीही संगमरवर लावला तरी आत बसलेल्या माणसाचा जीव घामाघूमच होणार.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी रमजान एप्रिल महिन्यात आला होता तेव्हा उपनगरातील एका मशिदीत तरावीहच्या नमाजसाठी, म्हणजे रमजानमधील रात्रीच्या दीर्घ नमाजसाठी, मी पहिल्या सफेत होतो. रात्रीचे साडेनऊ वाजले होते, पंखे पूर्ण वेगात होते आणि तरीही समोरून तव्यासारखी धग येत होती. नमाजनंतर भिंतीला तळहात लावून पाहिला तर ती चक्क गरम होती. नऊ इंची विटांची भिंत दुपारभर ऊन पिते आणि ती उष्णता भिंतीतून आतल्या बाजूला पोहोचायला कित्येक तास लागतात. चार वाजता बाहेर तापलेली भिंत आत तापते ती नेमकी रात्री, जेव्हा मशीद माणसांनी सर्वांत जास्त भरलेली असते.

घाम वाळत नाही, हीच खरी अडचण

उष्ण प्रदेशातील मशिदींच्या ज्या प्रतिमा आपल्या मनात आहेत त्या बहुतेक कोरड्या हवेच्या प्रदेशांतील आहेत: इराण, इजिप्त, राजस्थान, दिल्ली. तेथे दिवस भाजून काढतो पण पहाट थंड असते. मे महिन्यात जैसलमेरला दिवस आणि रात्रीच्या तापमानात पंधरा अंशांच्या आसपास फरक पडतो. जाड भिंत रात्री थंड होते आणि तो गारवा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुरवते. माठाचे पाणीही तेथे छान गार होते, कारण कोरड्या हवेत ओलावा लवकर उडून जातो.

मुंबईत मे महिन्यात दिवसाचे कमाल तापमान ३३-३४ अंश आणि रात्रीचे किमान २६-२७ अंश असते. फरक सहा-सात अंशांचा. भिंतीला थंड व्हायला रात्र पुरतच नाही, आणि हवेत बाष्प इतके असते की माठही येथे बेतानेच गार होतो. अंगावरचा घामही त्याच कारणाने वाळत नाही. घाम वाळला तरच शरीराला गारवा मिळतो, आणि दमट हवेत तो वाळवण्याचा एकच स्वस्त उपाय आहे: अंगावरून वाहता वारा. म्हणून कोरड्या प्रदेशातील जाड, बंद, छोट्या खिडक्यांची इमारत येथे आणून ठेवली तर ती कोंदट होते. मोठे उघडे अंगण येथे चार महिने पावसात वाया जाते आणि मे महिन्यात त्याची फरशी पाय भाजते.

वारा मिळवायचा म्हणजे केवळ खिडक्या ठेवायच्या असे नाही. चाळीत राहिलेल्यांना हे सांगावे लागत नाही. गॅलरीकडचे दार उघडे आणि मागची खिडकी बंद असेल तर खोलीत पान हलत नाही. आई उठून मागची खिडकी उघडते आणि लगेच पडदा फुगतो. वाऱ्याला आत यायची वाट हवी आणि बाहेर जायचीही. पश्चिमेची भिंत पूर्ण बंद असलेल्या मशिदीत पूर्वेला कितीही दारे ठेवली तरी ती मागची खिडकी बंद असलेली खोलीच असते.

पश्चिमेला एक नव्हे, दोन भिंती

कोकणात हे कोडे फार पूर्वी सुटलेले आहे. आमच्या आजोळच्या गावची मशीद कौलारू, उतरत्या छपराची होती. तिन्ही बाजूंना पडवी, छप्पर इतके पुढे आलेले की पागोळ्या भिंतीपासून हातभर लांब पडत. मे महिना संपत आला की गावातील मुले नारळाच्या झावळ्यांचे विणलेले झाप पश्चिमेच्या अंगाला बांधत आणि दसऱ्याच्या सुमारास ते सोडत. झड झापावर अडायची, हवा झापाच्या फटींतून आत यायची, आणि मूळ भिंत कोरडी राहायची. गावातील घरांनाही अगदी तसेच झाप असत. मशीद आणि घर एकाच पावसात उभे होते, म्हणून दोघांचा बंदोबस्तही सारखाच होता.

मुंबईतही एका मोठ्या वास्तुरचनाकाराने हेच ओळखले होते. कंबाला हिलवरील कांचनजंगा ही उंच इमारत चार्ल्स कोरिया यांनी रचली. ती १९८३ मध्ये पूर्ण झाली. समुद्राचा वारा आणि देखावा पश्चिमेला, पण ऊन आणि पाऊसही तिकडूनच. जुने बंगले आपल्याभोवती व्हरांडे गुंडाळून घेत, त्यावरून कोरिया यांनी कोपऱ्याकोपऱ्यांत दोन मजली उंचीच्या खोल, झाकलेल्या गच्च्या ठेवल्या. राहण्याची खोली आत, ऊनपाऊस झेलणारा थर बाहेर.

मशिदीत हे असे करता येईल. आतली भिंत किब्ल्याची. तिच्यात मिहराब, आणि माणसाच्या नजरेच्या उंचीपर्यंत ती बंदच. पण जमिनीलगत वीतभर उंचीच्या झडपा आणि डोक्याच्या वर छतापर्यंत आडव्या पट्ट्यांची उघडझाप होणारी झरोक्यांची रांग. तिच्या बाहेर पाच-सहा फूट अंतरावर दुसरी, जाळीची भिंत. ऊन जाळीवर पडते, जाळी तापते, पण मधल्या मोकळ्या जागेतून हवा वाहत असल्याने ती धग आतल्या भिंतीपर्यंत पोहोचत नाही. झड जाळीवर फुटते, आत आलेले तुषार मधल्या पट्टीत पडून पन्हळीतून वाहून जातात. खालच्या झडपांतून आलेली हवा सजद्यात आणि बसलेल्या स्थितीत थेट अंगाला लागते, आणि माणसांच्या श्वासाने व अंगाने तापलेली हवा वर चढून छताजवळच्या झरोक्यांतून निघून जाते.

येथे एक धार्मिक शंका रास्त आहे: नमाजीच्या समोरून जाऊ नये असा दंडक आहे, मग समोर ही मधली जागा कशी चालेल? उत्तर असे की मध्ये भिंत आहेच, तरीही ती जागा जाण्यायेण्याची वाट म्हणून वापरू नये. तेथे चपलांचे स्टँड नको, स्वच्छतागृह तर मुळीच नको. तेथे कुंड्या असाव्यात, सावलीत तग धरणारी झाडे असावीत आणि आठवड्यातून एकदा झाडलोट करणाऱ्यापुरती वाट असावी.

जाळी कशाची, हाही मुंबईत महत्त्वाचा प्रश्न आहे. खारी हवा सिमेंटच्या पातळ जाळीतील सळ्यांना खाते. सळई गंजली की फुगते आणि जाळी तडकून तुकडे खाली पडू लागतात. म्हणून सळईविना रचता येणारी भाजक्या मातीची जाळी, किंवा विटा एकआड एक मोकळ्या ठेवून रचलेली भिंत, येथे जास्त टिकते. शेवाळ धरेल, ते दरवर्षी पावसाळ्यानंतर घासून काढावे लागेल.

ढाक्याच्या मशिदीत नेमके काय केले?

ढाका आणि मुंबई यांची हवा सारखीच दमट, पाऊस तसाच, वस्ती तशीच दाट, आणि किब्ला तिकडेही पश्चिमेलाच. बैतुर रऊफ ही मशीद २०१२ मध्ये पूर्ण झाली. जमीन तबस्सुम यांच्या आजीने दिली होती आणि खर्च देणग्यांतून झाला.

त्या जागेची आणि किब्ल्याची दिशा जुळत नव्हती. दोन्हींत तेरा अंशांचा फरक होता. ही अडचण मुंबईतही घरोघरी, म्हणजे मोहल्ल्यामोहल्ल्यात आहे: भूखंड रस्त्याला धरून असतो, किब्ला आपल्या दिशेला, आणि मग सतरंजीवर तिरक्या रेघा मारून सफा उभ्या कराव्या लागतात आणि कोपरे वाया जातात. तबस्सुम यांनी चौकोनाच्या आत एक गोल ठेवला आणि गोलाच्या आत नमाजचे चौकोनी सभागृह किब्ल्याकडे फिरवून बसवले. चौकोनी डब्यात गोल वाटी ठेवली की वाटी कशीही फिरवता येते आणि डब्याचे चारही कोपरे मोकळे राहतात, तसेच. वाया जाणाऱ्या त्या कोपऱ्यांतून उजेड आणि हवा आत घेतली. भिंती विटांच्या, जागोजागी जाळी, छपराला गोल छिद्रे. त्यांतून पडणारे उजेडाचे ठिपके दिवसभर जमिनीवरून सरकत राहतात. मिहराबऐवजी किब्ल्याच्या भिंतीत एक उभी फट आहे, तिच्यातून उजेड येतो पण रस्त्यावरची माणसे दिसत नाहीत. इमारत उंच जोत्यावर आहे आणि नमाजच्या वेळा सोडून त्या जोत्यावर मुले खेळतात, म्हातारी माणसे गप्पा मारत बसतात. मला या मशिदीत सर्वांत मोलाचे वाटते ते हे जोते. पावसाचे पाणी रस्त्यावर साचते तेव्हा ते कोरडे राहते. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. वस्तीत एखादी उंच, कोरडी, सर्वांना उघडी जागा असणे म्हणजे काय, हे त्या रात्री पाण्यात अडकलेल्यांना विचारावे.

घुमट आणि मिनार नसले तर चालेल का?

लाकूड दुर्मीळ असलेल्या प्रदेशात विटांनी किंवा दगडांनी मोठी जागा झाकण्याचा घुमट हा एक उत्तम मार्ग होता. आज आपण सिमेंटचा सपाट स्लॅब टाकतो आणि त्यावर घुमट बसवतो; खालून अनेकदा तो दिसतही नाही. स्लॅब आणि घुमट जेथे भेटतात तेथे मुंबईच्या पावसात हमखास गळती लागते. घुमट खाली उघडा असेल तर आवाज घुमतो आणि खुतबा, म्हणजे जुम्म्याचे प्रवचन, शब्दशः कळत नाही.

मात्र मी कोणाला घुमट बांधू नका असे सांगणार नाही. स्थलांतरितांच्या, हातावर पोट असलेल्या वस्तीत दुरून दिसणारा हिरवा घुमट म्हणजे आपले येथे काही आहे याची खूण असते, आणि ती भावना नकाशावर खोडता येत नाही. बांधायचाच तर तो कामाचा असावा: माथ्याशी झाकलेले झरोके ठेवून गरम हवा बाहेर काढणारा आणि आतून आवाज शोषणारा. आणि नको असेल, तर परंपरा आडवी येत नाही. मुंबईच्या इमामवाडा भागातील १८६० ची मुघल मशीद, जिला इराणी मशीद म्हणतात, तिला निळ्या टाइल्सचे दोन सुंदर मिनार आहेत पण घुमट नाही. केरळातील कोझिकोडच्या कुट्टिचिरा येथील मिश्काल मशिदीला तर दोन्ही नाहीत. लाकडी बांधणीचे, मजल्यागणिक आत येणारे उतरते छप्पर आहे, कारण मलबारचा पाऊस कोकणासारखाच आहे.

मिनाराचे तसेच. बिलाल यांनी मदिनेत अजान दिली ती शेजारच्या एका घराच्या छपरावरून. आज ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अनिवार्य भाग नाही असे म्हटले. त्याच वर्षी मुंबईतील काही मशिदींनी अजान मोबाइल अॅपवरून घरोघरी पोहोचवायला सुरुवात केली. मिनार राहणार असेल तर त्याला दुसरे काम देता येते: आतून पोकळ ठेवला तर तो उंच धुराड्यासारखा सभागृहातील गरम हवा वर ओढून घेतो.

सरळ एसी का लावू नये?

हा प्रश्न विश्वस्तांच्या प्रत्येक बैठकीत येतो आणि तो चुकीचा नाही. हिशेब मात्र करून पाहावा. शांत बसलेला माणूस साधारण शंभर वॅट उष्णता बाहेर टाकतो, म्हणजे जुन्या काळच्या शंभराच्या पिवळ्या बल्बाएवढी. तीनशे माणसे म्हणजे तीनशे बल्ब. फक्त माणसांची ही उष्णता बाहेर काढायला दीड टनाचे सहा एसी लागतात. तापलेले छत, तापलेली पश्चिमेची भिंत आणि सतत उघडझाप होणारी दारे यांचा हिशेब वेगळा. साधा स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही, तीच हवा फिरवतो. तीनशे माणसांच्या बंद दालनात खुतब्याच्या वेळी डुलक्या का लागतात याचे एक कारण हेही आहे. आणि रोजच्या फजरला, म्हणजे पहाटेच्या नमाजला, दोन सफा असतात तेव्हा एवढ्या मोठ्या दालनाचे काय करायचे?

माझे मत असे आहे की दालन असे रचावे की वर्षातील बहुतेक दिवस वारा आणि पंखे यांवर भागेल, आणि मे व ऑक्टोबरच्या कोंडलेल्या दिवसांसाठी, वृद्ध आणि आजारी यांच्यासाठी, पुढच्या दोन-तीन सफांचा भाग सरकत्या काचेच्या दारांनी वेगळा करून तेवढ्यापुरता एसी ठेवावा. छपरावर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांचे चायना मोझेक करावे. गच्च्यांवर ते पूर्वीपासून करतात, ऊन परतवते आणि खालच्या कोब्याचे रक्षण करते.

एक गोष्ट विसरता येणार नाही. इस्लामी वर्ष चांद्र असल्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. आता तो फेब्रुवारी-मार्चमध्ये आहे, काही वर्षांनी ऐन थंडीत येईल, आणि पुढे कधीतरी भर पावसाळ्यात. जी इमारत एकाच ऋतूत चांगली वाटते ती या धर्माच्या वेळापत्रकाला पुरणार नाही.

शुक्रवारची गर्दी

रोजच्या नमाजला पन्नास माणसे आणि जुम्म्याला आठशे, तेही दुपारी एक-दीडच्या कडक उन्हात: इतका चढउतार दुसऱ्या कोणत्याही इमारतीत क्वचितच असतो. आठशे माणसांचे कायमचे दालन बांधण्याइतकी जमीन मुंबईत नाही, म्हणून जागा अशी हवी जी फुगते आणि आकसते. पडवी, मदरशाचे वर्ग, वाचनालय, झाकलेली गच्ची, या सगळ्यांच्या मधली दारे पूर्ण घडी होऊन बाजूला गेली पाहिजेत आणि सर्वांच्या जमिनीची पातळी व सफांच्या रेघा एकच हव्यात. इतर सहा दिवस तेथे मुलांची शिकवणी चालावी, डॉक्टर बसावेत. दोन पाळ्यांत जुम्मा घ्यावा की नाही हा उलेमांनी, म्हणजे धर्मपंडितांनी, ठरवायचा प्रश्न आहे. रचनाकाराने तसे झाल्यास पहिली जमात, म्हणजे एकत्र नमाज पढणारा गट, एका दाराने बाहेर आणि दुसरी दुसऱ्या दाराने आत अशी सोय ठेवावी.

आणि चपला! नकाशात कोणी चपला रेखाटत नाही. नमाज संपते, पाचशे माणसे एका दोन मीटरच्या दाराशी येतात आणि प्रत्येक जण वाकून आपली जोडी शोधतो. मागून रेटा येत असतो. जिना उतरता उतरता ही गर्दी झाली तर ती जीवघेणी ठरू शकते. चपलांची जागा दारापासून दूर, रुंद पडवीत, दोन-तीन ठिकाणी विभागलेली हवी आणि ती पावसात भिजणार नाही अशी हवी.

बायका आणि म्हाताऱ्या माणसांची जागा

२०२० मध्ये अखिल भारतीय मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने सर्वोच्च न्यायालयात सांगितले की महिलांना मशिदीत येऊन नमाज पढण्यास इस्लाममध्ये मनाई नाही. तरीही बहुतेक ठिकाणी उत्तर येते, "जागाच नाही." जागा नसते कारण ती नकाशात धरलेलीच नसते, इमारत उभी राहिल्यावर उरलेला पोटमाळा दाखवला जातो, जेथे छत डोक्याला लागते आणि सगळी गरम हवा गोळा होते. वर सांगितलेल्या कारणाने इमारतीतील सर्वांत उष्ण जागा वरचीच असते. महिलांचे दालन पहिल्या रेघेपासून आखावे: स्वतंत्र दार, स्वतंत्र वजूखाना, तोच वारा आणि इमामाचा तोच स्पष्ट आवाज. स्टेशनवरून घरी जाताना मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजची, वेळ टळू नये म्हणून धावपळ करणाऱ्या नोकरदार बायका या शहरात हजारोंनी आहेत.

गुडघे दुखणाऱ्यांसाठी खुर्च्यांची सोय सफेच्या टोकाला असावी, उतार असावा, आणि वजूची बैठक गुडघ्यापेक्षा फार खाली नसावी.

पाण्याचा हिशेब

पैगंबर एका मुद्द पाण्यात वजू करत, असे हदीसमध्ये आहे; मुद्द म्हणजे दोन्ही हातांची एक ओंजळ भरेल तेवढे माप, साधारण लिटरभर किंवा त्याहून कमी. मी एकदा नळाखाली बादली ठेवून वजू केला तर सात लिटर पाणी साचले. तोटी बदलली, धार बारीक केली की हे प्रमाण निम्म्याच्या खाली येते. वजूच्या पाण्यात साबण नसतो, म्हणून ते साधे गाळून स्वच्छतागृहात आणि झाडांना वापरता येते. वापरलेले पाणी पुन्हा वजूसाठी चालत नाही, पण येथे तसे सुचवलेलेही नाही.

वरून पडणारे पाणी तर फुकट आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. तीनशे चौरस मीटरच्या छपरावर दोन हजार मिलिमीटर पाऊस म्हणजे सहा लाख लिटर. मुंबईच्या जुन्या मशिदींना हे पाण्याचे नाते माहीत होते. १८०२ मध्ये पूर्ण झालेली शेख मेमन स्ट्रीटवरील जामा मशीद एका जुन्या तलावावरच उभी आहे. काळ्या दगडाच्या कमानी पाण्यातून वर येतात आणि पाण्यात मासे फिरतात. हौज म्हटला की डासांची भीती सांगतात, पण महापालिकाही डासांच्या अळ्या खाण्यासाठी गप्पी मासेच सोडते.

मशीद आधीच बांधलेली असेल तर?

बहुतेक वाचकांच्या मोहल्ल्यात हीच स्थिती असणार, आणि पाडून नवीन बांधणे परवडणारे नसते. तरी क्रमाने बरेच करता येते. आधी छपराला पांढरे चायना मोझेक. मग पश्चिमेच्या भिंतीबाहेर जागा असेल तर जाळी, नसेल तर लोखंडी तारेवर चढवलेले वेल किंवा पुढे आलेली पत्र्याची छपरी. भिंतीवर थेट ऊन पडू नये एवढेच पाहायचे. मग त्या भिंतीत छताजवळ झरोके, अर्थात इमारतीच्या सांगाड्याची तपासणी करून. वर्गणी जसजशी जमेल तसतसे एकेक काम घेता येते.

काम काढण्यापूर्वी रचनाकाराने अजान देणाऱ्या मुअज्जिनला सोबत घेऊन मशिदीत फिरावे. पाच वेळा तो तेथे असतो. मे महिन्यात कोणत्या सफा रिकाम्या राहतात, पहिल्या पावसात तो धावत जाऊन कोणती खिडकी आधी लावतो, आणि रात्री दालन बंद करताना कोणत्या कोपऱ्यात त्याला अजून धग लागते, हे त्याला विचारावे आणि त्या जागांवर खडूने खुणा कराव्यात. नकाशा त्यानंतर काढायला घ्यावा.